तोरणमाळ ट्रेक : गावमुक्कामाचे पैसे गावाला मिळालेच नाहीत

प्रति,
व्यवस्थापक,
ट्रेक व सहल विभाग

विषय : डिसेंबरमधील तोरणमाळ जंगल ट्रेक (३ रात्री, ४ दिवस, तीन जणांचे बुकिंग), तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी अमळनेरची. माझी नणंद, भाचा आणि मी असे तिघे आपल्या ट्रेकला आलो होतो. माणशी ८,९०० रुपयांप्रमाणे २६,७०० रुपये आगाऊ भरले. पावतीवर एक ओळ ठळक छापलेली आहे : ‘ग्रामनिवास व घरगुती भोजन, प्रति व्यक्ती प्रति रात्र ८०० रुपये’. माझी मुख्य तक्रार या एका ओळीची आहे. बाकीचे ओघाने येईलच.

पहिल्या दिवशी शहाद्याहून निघून सातपुड्याच्या पायथ्याला चालायला लागलो. आपला ट्रेक लीडर पुण्याचा, वागायला चांगला मुलगा, पण या डोंगरात पहिल्यांदाच आलेला. रेंज गेली तसा त्याच्या मोबाइलमधला नकाशाही गेला. तिथून पुढे वाट दाखवली ती ऐनवेळी सोबत घेतलेल्या एका स्थानिक पोराने. त्याला रोजचे ५०० रुपये ‘नंतर’ मिळणार होते. ते मिळाले का, तेही कळवावे.

अंधार पडल्यावर एका पाड्यावर पोहोचलो. आम्ही चौदा जण, दोन घरांत वाटून. घरे पावरा समाजाची, कुडाच्या भिंती, अंगणात शेकोटी. घरच्या बाईने मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. इतके चवीचे जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते. गोधड्या आम्हाला दिल्या आणि घरची माणसे शेकोटीभोवती बसून राहिली. मला वाटले, कंपनीने जास्तीच्या गोधड्या पाठवल्या असतील, बाहेर कुठेतरी ठेवल्या असतील. कुठेच नव्हत्या.

सकाळी मी सहज विचारले, कंपनी किती देते? त्या बाईंना मराठी जेमतेम, मला पावरी येत नाही आणि माझी अहिराणी तिथे काही कामाची नव्हती. त्यांचा मुलगा शहाद्याला अकरावीला आहे, नाताळच्या सुट्टीत घरी आलेला. त्याने आईला विचारले, मग मलाच विचारले, “कोणती कंपनी?” त्यांना वाटले होते, वाटाड्या पोराचे पाहुणे आलेत. रात्री पोलीस पाटील चौकशीला आले होते, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. चौदा अनोळखी माणसे येणार हे गावात कुणालाच सांगितलेले नव्हते.

चौदा माणसांचे ८०० रुपयांप्रमाणे एका रात्रीचे ११,२०० होतात. ज्या घरांतून चौदा जणांच्या दोन वेळच्या भाकरी निघाल्या, त्या घरांतला मका आपल्या ऑफिसातून आलेला नव्हता. मी फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, “मॅडम, आदिवासी लोक मुळातच पाहुणचार करणारे असतात, ते पैसे घेत नाहीत.” पाहुणचार त्यांनी केला आणि पावती तुम्ही फाडली, असा हा हिशेब झाला. आम्ही निघताना आपापल्या खिशातून काही दिले. ते या हिशेबात धरू नये.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. आपल्या जाहिरातीत मोरपिसांचा टोप घातलेल्या, अंगभर नक्षी रंगवलेल्या माणसांचा फोटो आहे, खाली ‘आदिवासी नृत्याचा अनुभव’. ते होळीतले बुध्या-बावा आहेत. आम्ही खानदेशातले, निदान एवढे ओळखतो. होळी फाल्गुनात. डिसेंबरात पाड्यावरची निम्मी माणसे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. तरीही लीडरने घरातल्या दोन पोरींना “जरा नाच करून दाखवा ना” म्हटले, कारण वेळापत्रकात तसे लिहिले होते. मी आणि नणंदेने तो विषय तिथेच बंद केला. फोटो काढून टाकावा.

दुसरी रात्र ‘गावातील घरी’ नव्हती, जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात होती. जेवण शहाद्याहून डब्यात आलेले : पनीर, आणि ‘खास खानदेशी भरीत’ म्हणून टोमॅटो घातलेली वांग्याची भाजी. थंडीच्या दिवसांत, बामणोदची वांगी बाजारात असताना, ती काड्यांवर न भाजता कुकरात शिजवून जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला वाढायची, याला खरे तर वेगळे पत्र लिहायला हवे. तिथे नणंदेचा पाय मुरगळला. प्रथमोपचार पेटीत तीन चिकटपट्ट्या आणि मुदत संपलेले मलम निघाले.

तिसऱ्या दिवशी डोंगर चढून तोरणमाळला जायचे होते. उशीर झाला म्हणून काळीपिवळीत कोंबून सातपायरी घाटाने डांबरी रस्त्यावरून नेले. यशवंत तलाव छान आहे, पण तिथे एसटीनेही जाता येते. तिसरी रात्र लॉजवर. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान त्याचे पैसे कुणाला तरी मिळाले.

माझ्या मागण्या. पहिल्या रात्रीचे ११,२०० रुपये त्या दोन घरांना आपण थेट द्यावेत. वाटाड्याचा नंबर आपल्या लीडरकडे आहे, घरे तो दाखवील. त्याची मजुरीही चुकती करावी. आमच्या तिघांचे दुसऱ्या रात्रीचे २,४०० आणि न झालेल्या चढाईपोटी योग्य ती रक्कम मला परत करावी. पहिल्या रात्रीचे पैसे मी परत मागत नाही, ते माझे नाहीतच.

पावतीच्या मागे ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात मला तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. जळगाव मला बसने जवळ आहे. पंधरा दिवस वाट पाहीन.

उत्तरासोबत त्या दोन घरांना पैसे मिळाल्याची पावती जोडावी. ती लिहून द्यायला घरात अकरावीतला मुलगा आहे.

आपली,
बुकिंग जिच्या नावे आहे ती ग्राहक
अमळनेर, जि. जळगाव