पांढऱ्या कागदाला स्वतःचा प्रकाश हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर समूहचित्र काढण्यासाठी कोणते दिवे घ्यावेत, याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखाचा सारा भर एका ताकदवान फ्लॅशवर आणि त्याला लावायच्या मोठ्या सॉफ्टबॉक्सवर (प्रकाश मऊ करणाऱ्या, पुढे पांढरे कापड असलेल्या पेटीवर) आहे. एकट्या माणसाच्या चित्राला हा सल्ला चालून जाईल. पण दहा-बारा माणसे उभी राहिली की तो तोकडा पडतो आणि नवख्या छायाचित्रकाराचे पैसे भलत्या जागी अडकतात.

माणसांच्या मागे पार्श्वभूमी म्हणून लावलेला कागद पांढरा असला म्हणून चित्रात पांढरा येत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो; त्यामुळे माणसे दिव्यापासून २ मीटरवर आणि कागद ४ मीटरवर असेल, तर चेहरे नीट उजळूनही मागचा कागद करडा, मळकट दिसतो. कागद जवळ ओढावा, तर त्यावर डोक्यांच्या सावल्या पडतात. म्हणून खरेदीची सुरुवात, माझ्या मते, कागदावर दोन्ही बाजूंनी टाकायच्या दोन साध्या फ्लॅशपासून व्हावी. ते भारी नसले तरी चालतील, मात्र दोन्ही एकाच मॉडेलचे असावेत, म्हणजे एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला फिकट अशी ओढाताण होत नाही.

या दिव्यांच्या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. कागद जितका पांढरा तितका बरा, अशा समजुतीने मी तो चेहऱ्यांपेक्षा दोन स्टॉपहून अधिक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उजळवला होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले, तर मागच्या रांगेतल्या आजींच्या पांढऱ्या केसांची कडच नाहीशी झाली होती, कपाळ संपून थेट कागद सुरू होत होता. तेव्हापासून मी कागद अर्धा, फार तर एक स्टॉप उजळ ठेवतो आणि माणसांना त्याच्यापासून किमान २ मीटर पुढे उभे करतो. जागा तेवढी नसेल, तर रांगेतली माणसे कमी करावीत. २.७२ मीटर रुंदीचा नेहमीचा पेपर रोलही मोठ्या समूहाला अपुराच पडतो.

आता चेहऱ्यांवरचा प्रकाश. दिवा एका टोकाच्या माणसापासून दीड मीटरवर आणि दुसऱ्या टोकाच्या माणसापासून ३ मीटरवर असेल, तर दुसऱ्याला चौथाईच प्रकाश मिळतो. तोच दिवा मागे नेऊन ही अंतरे ४ आणि साडेपाच मीटर केली, की दुसऱ्याच्या वाट्याला निम्म्याहून थोडा अधिक येतो. दिवा मागे, उंच आणि पसरट हवा तो यासाठी, आणि या कामाला फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी दीड मीटर व्यासाची पांढरी छत्री महागड्या सॉफ्टबॉक्सइतकीच, किंबहुना अधिक सोयीची पडते. उंचीमुळे चष्म्यांवरची चमकही बरीचशी टळते. मागे नेल्यावर ताकद जास्त लागते, हे खरे. दोन रांगा स्पष्ट याव्यात म्हणून अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) लहान, एफ ८ च्या आसपास ठेवावे लागते, तेव्हा चेहऱ्यांसाठी ३०० ते ४०० वॅट-सेकंदांचा (वॅट-सेकंद हे ऊर्जेचे एकक) फ्लॅश हाताशी असावा.

लेखात फ्लॅशला पर्याय म्हणून २०० वॅटचा एलईडी सुचवला आहे, तिथे एककांची गल्लत झाली आहे. २०० वॅट-सेकंदांचा फ्लॅश आपली सगळी ऊर्जा एका लखलखाटात सोडतो; २०० वॅटचा एलईडी मात्र शटर १/१०० सेकंद उघडे असताना केवळ २ वॅट-सेकंद ऊर्जा खर्च करतो. दोघांची कार्यक्षमता वेगळी धरली तरी ही तफावत भरून निघत नाही. मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवा, नाहीतर शटर मंद करा, आणि पुढच्या रांगेतल्या चुळबुळत्या मुलांचे चेहरे चित्रात हललेले, अस्पष्ट करून घ्या. एलईडीचा प्रकाश आधी डोळ्यांना दिसतो, ही त्याची सोय मला मान्य आहे. वस्तूंची छायाचित्रे काढताना मीही तोच वापरतो.

लेखमालेच्या पुढील भागात दिव्यांचा तक्ता येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात वॅट आणि वॅट-सेकंद यांचे रकाने वेगळे ठेवावेत, एवढी विनंती.

आपला विश्वासू,
एक व्यावसायिक छायाचित्रकार