हाताला थांबायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

जुनी कॉमिक्स, पॉप-अप (पान उघडताच कागदी चित्र उभं राहणारी) पुस्तकं आणि कापून जोडायची कागदी खेळणी जमवणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. ग्रंथसंवर्धन हे तुमचं काम. आमच्या संग्रहांशी तुमचा तसा काही संबंध नव्हता, तरी प्रत्येक शंकेला तुम्ही मापांसकट, कारणांसकट उत्तर दिलंत. ज्यांना तुमच्यापर्यंत पोहोचता येणार नाही, त्यांच्याही हाती ती उत्तरं लागावीत म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहोत.

पहिले आभार चिकटपट्टीबद्दल. फाटलेल्या पानाला ती लावू नका, हे सगळेच सांगतात. का, ते तुम्ही सांगितलंत. पट्टीवरचा रबरी चिकटा काही वर्षांनी पातळ, चिकचिकीत होतो आणि कागदाच्या तंतूंत उतरतो. मग पिवळा पडतो, शेवटी तपकिरी होऊन कडक बनतो. वरची पट्टी आपोआप गळते आणि डाग तेवढा राहतो. पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाचं दुखणं वेगळं: तो वाळला की पुन्हा सोडवता येत नाही. ‘पुढच्या माणसाला काढता येईल असंच काहीतरी लावा’ हा तुमचा निकष आता आमच्या हातात बसला आहे.

म्हणून खळ. मैद्याची नव्हे, ग्लुटेन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चची. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी. अर्धा तास भिजत ठेवायचं, मग मंद आचेवर न थांबता ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं. दुधाळपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की झाली. गार झाल्यावर बारीक चाळणीतून गाळायची आणि लागेल तेवढीच पाण्याने सैल करायची. शीतकपाटात चार-पाच दिवस टिकते; आंबूस वास आला की टाकून द्यायची.

फाटीवर लावायला कोझो झाडाच्या तंतूंचा जपानी कागद, साध्या फाटीला चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम वजनाचा. तो कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून हळूच फाडला की कडेला तंतूंची झालर उरते. तीच पानावर बेमालूम बसते. कापलेली सरळ कड पानाला नवी दुमड पाडते आणि पुढची फाट नेमकी तिथूनच सुरू होते. पट्टी पानाच्या ज्या बाजूला चित्र कमी असेल त्या बाजूने लावायची, वर पॉलिस्टरची जाळी, मग टीपकागद, मग वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदलायचा. कॉमिकच्या वृत्तपत्री कागदावर खळ जवळजवळ कोरडी हवी. ओली राहिली तर पाणी पसरतं तिथवर कागदातली पिवळी घाण वाहत जाते आणि कडेला तपकिरी रेघ उमटते. ही रेघ मूळ फाटीहून वाईट दिसते.

पॉप-अप पुस्तकांबद्दल मात्र कितीही आभार मानले तरी कमीच. पुस्तक समोरून नव्हे, कडेने डोळा लावून उघडायचं, म्हणजे कोणता थर अडकतोय ते दिसतं. अडलं की थांबायचं, परत मिटायचं, आणि बाहेर डोकावणारा तुकडा कागदाच्या पट्टीने आत सारायचा. जोर लावला की फाटतं ते चित्र नव्हे, तर त्याच्या पायाची चिकटकड. ती कड पुन्हा बसवताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली तरी मिटल्यावर तुकडा पानाबाहेर येतो किंवा उघडल्यावर मधे फुगतो. जुन्या गोंदाची खूण पानावर असतेच. ती पुसण्याआधी पेन्सिलीने हलकी आखून घ्यायची. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा तुकडा दोन्ही बाजूंनी सुटला असेल तर तुमची युक्ती अचूक आहे: एक पाय चिकटवून वाळू द्यायचा, तुकडा घडी घालून सपाट करायचा, दुसऱ्या पायाला खळ लावायची आणि पान मिटायचं. दुसरा पाय आपली जागा आपणच घेतो. मिटण्याआधी पायाभोवती मेणकागद सरकवायला विसरलं तर अख्खी पानं एकमेकांना चिकटतात.

फाटलेल्या घडीला थोडा जाड, २० ते ३० ग्रॅमचा जपानी कागद लागतो. घडी त्याच्या तंतूंच्या दिशेनेच यायला हवी. आडवी आली तर ती कुरकुरीत तुटते. हलकेच वाकवून बघितलं की कळतं: ज्या बाजूने कमी विरोध, घडी त्या बाजूची.

म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरच्या (१८४७–१९२५) पुस्तकांत एकच पट्टी ओढली की हात, डोकं, डोळे सगळं वेगवेगळ्या दिशांनी हलतं. पानाआडच्या कागदी दांड्या तांब्याच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांनी जोडलेल्या असतात, ही त्यामागची करामत. त्या वेटोळ्यांना तेल लावू नका, सरळ करू नका, आणि पट्टी अडली तर दुसऱ्यांदा ओढून बघू नका, हे तुम्ही बजावलंत. तेल कागदात उतरतं आणि तो डाग कायमचा राहतो.

साठवणुकीचं थोडक्यात: पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यांतून आम्ल सुटतं; पॉलिस्टर किंवा साधं पॉलिप्रॉपिलीन चालतं. कॉमिकच्या पाठीला लावायचा पुठ्ठा ‘आम्लमुक्त’ म्हणून विकला जातो, पण पुष्कळदा वरचा लेपच तेवढा तसा असतो. कड फाडून आतल्या गाभ्यावर पीएच पेनची (आम्लता दाखवणाऱ्या पेनची) रेघ मारायची. जांभळी झाली तर ठीक, पिवळी झाली तर पुठ्ठा परत. ही रेघ कॉमिकवर मारायची नाही. आर्द्रता ३५ ते ५० टक्के. ६५ च्या वर बुरशी येते, आणि दमट जागी कसरही वाढते. पॉप-अप पुस्तकं आडवी ठेवावीत, एकावर एक दोन-तीनच.

नवं काही घेताना तपासायच्या गोष्टीही तुमच्याच. ३२ पानी कॉमिक म्हणजे मधोमध दुमडलेले आठ ताव. एका तावाच्या एकाच बाजूला छापलेल्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज ३३ येते. ५-६ हे पान कोणी कापलं असेल तर २७-२८ सुटं झालेलं असतं, हे लक्षात आल्यापासून आम्ही आधी मागची पानं चाचपतो. जुनं म्हणून दाखवलेलं पान अतिनील दिव्याखाली निळसर पांढरं झळकलं तर शंका घ्यावी. तशी उजळवणारी रसायनं कागदात १९५० च्या सुमारापासून सर्रास आली, त्याआधीचा कागद मंदच दिसतो.

आणि न कापलेले खेळण्यांचे ताव! ते कापू नका, ६०० डीपीआयवर स्कॅन करून १६० ते २०० ग्रॅमच्या कार्डावर छापा आणि ती छापील प्रत कापून जोडा, हा तुमचा सल्ला ऐकला म्हणून कितीतरी ताव अखंड राहिले आहेत. ते गुंडाळलेले नाहीत, सपाट खोक्यांत आहेत, मधे आम्लमुक्त कागद घालून.

एक शंका राहिली आहे. कॉमिकच्या घडीतल्या गंजलेल्या पिना जागच्या जागी राहू द्याव्यात, असं तुम्ही म्हणालात. पण गंज मधल्या पानांत उतरू लागला असेल तर पिना आतून सरळ करून काढाव्यात का, आणि त्याच भोकांतून दोऱ्याने शिवावं का? सवडीने कळवा.

आपले ऋणी,
जुन्या कागदाचे संग्राहक