फोन त्यांच्याकडे आहे, विचारायला माणूस हवा

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातल्या, सरकारी वर्गवारीत 'क' वर्ग असलेल्या सार्वजनिक वाचनालयात चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ आमचं वाचनालय उघडं असतं. दरवर्षी 12 ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन होतो, भाषणं होतात, आणि 'वाचनालयांनी आता तंत्रज्ञान स्वीकारलं पाहिजे' हे वाक्य त्यात हमखास असतं. मला ते मान्यच आहे. पण काय आणायचं, कोणासाठी आणायचं आणि ते चालवायचं कोणी, हे टेबलामागे बसणाऱ्या बाईला आजवर कोणी विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मागच्या ऑगस्टची गोष्ट सांगते. दहावीतली एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी शाळेत निबंध स्पर्धा होती. चिठ्ठीवर पाच पुस्तकांची नावं, प्रत्येकापुढे लेखक, प्रकाशन आणि साल. वळणदार अक्षरात, व्यवस्थित. मला वाटलं, शाळेतल्या सरांनी यादी दिली असणार. मी दाखल नोंदवही, म्हणजे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वही, काढली. एक पुस्तक आमच्याच कपाटात निघालं. दुसरं परभणीच्या एका वाचनालयात असल्याचं फोनवर कळलं. उरलेल्या तीन पुस्तकांसाठी मी दोन दिवस घालवले. जुन्या याद्या पाहिल्या, ओळखीच्या ग्रंथपालांना विचारलं, शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या एका पुस्तक विक्रेत्याला फोन लावला. त्याचं अख्खं आयुष्य मराठवाड्याची पुस्तकं विकण्यात गेलंय. तो म्हणाला, "ताई, ही पुस्तकं निघालेलीच नाहीत. यातला एक लेखक खरा आहे, पण त्यानं हे पुस्तक कधी लिहिलं नाही."

मुलीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. यादी सरांनी नव्हे, मोबाइलमधल्या एआयनं दिली होती. तिचा चेहरा उतरला. "मग ते खोटं कामून सांगतंय, मावशी?"

मी तिला मला समजतं तेवढं सांगितलं. त्यानं पुष्कळ वाचलेलं असतं, आणि वाचलेल्यावरून पुढचा शब्द कोणता शोभेल हे ते जुळवत जातं. पुस्तकाचं नाव कसं असतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण ते पुस्तक आहे का हे बघायला ते दर वेळी कपाटापाशी जातंच असं नाही. आपल्याला जावं लागतं.

मग आम्ही दोघी टेबलाशी बसलो. आमच्याकडे मराठी विश्वकोशाचे सहाच खंड आहेत, बाकीचे कधी आलेच नाहीत. पण विश्वकोश आता संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट वाचता येतो. तिच्याच फोनवर तो उघडला. कपाटातलं पुस्तक शेजारी ठेवलं. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानावर भारताची पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 ला निजामानं शरणागती पत्करली, हे तिनं दोन्हीकडे ताडून पाहिलं आणि मगच वहीत उतरवलं. एआयनं दिलेला मजकूरही आम्ही टाकून दिला नाही. त्यातलं काय खरं, काय खोटं, हे तिला एकेक वाक्य तपासायला लावलं. तिला त्यातच जास्त गोडी लागली. घरी जाऊन तिनं पणजीला बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं बायकापोरं भाकरी बांधून रात्री उभ्या ज्वारीत जाऊन बसायची, लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गूळ द्यायची, असं पणजी त्यात सांगते. मागे कोंबडा आरवतो, मध्येच कोणी तरी भांडं आपटतं. ते रेकॉर्डिंग आता वाचनालयात आहे, तारीख आणि गावाचं नाव घालून. हे बाहेर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

संपादक महोदय, गेल्या काही वर्षांत वाचनालयात काय बदललं, ते मला या एका प्रसंगात दिसतं. फोन मुलीच्या हातात आहे, नेट आहे, उत्तरंही भरमसाट मिळतात. तिला हवा होता शेजारी बसून ताडून पाहणारा माणूस.

यंत्र आणलं की वाचनालय आधुनिक होतं, या समजुतीचा फटका आम्ही खाल्लेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाला एक संगणक देणगी मिळाला. एका खासगी माणसानं त्यात ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, त्याचे पैसेही घेतले. मी आणि आमचा शिपाई, आम्ही दोघांनी मिळून दोन उन्हाळे घाम गाळून तीन हजारांच्या वर पुस्तकांच्या नोंदी त्यात भरल्या. दाखल अंक, लेखक, शीर्षक, किंमत, सगळं. एके दिवशी विजेचा दाब कमीजास्त झाला आणि संगणक बसला. दुरुस्त करून आणला, तर सॉफ्टवेअर पासवर्ड मागू लागलं. त्या माणसाचा नंबर बंद. नोंदी आतच अडकल्या, आजतागायत बाहेर आल्या नाहीत. तो संगणक अजून कोपऱ्यात आहे, त्यावर मी धुतलेलं कापड घालून ठेवते. तपासणीला आलेले साहेब 'संगणक आहे' या रकान्यात खूण करून जातात.

तेव्हाच कोणी मला सांगितलं असतं, की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'ई-ग्रंथालय' हे सॉफ्टवेअर आहे, किंवा न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं 'कोहा' कोणालाही पैसे न देता वापरता येतं आणि त्यातल्या नोंदी हव्या तेव्हा बाहेर काढता येतात, तर ते दोन उन्हाळे वाया गेले नसते. आता मी एकच गोष्ट विचारते: भरलेली माहिती मला साध्या तक्त्यात परत काढून घेता येईल का? 'नाही' म्हटलं, तर ते सॉफ्टवेअर सोन्याचं असलं तरी नको. देणगीदारांनाही माझं हेच सांगणं आहे. संगणक देणार असाल, तर सोबत एक इन्व्हर्टर द्या आणि संगणक चालवायला शिकवणारा माणूस आठवड्यातून एक दिवस, सहा महिने तरी पाठवा.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींची दृष्टी मधुमेहानं गेली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचे सभासद. दृष्टी गेल्यावर त्यांनी वाचनालयात येणंच सोडलं, आणि मीही 'आता काय करणार' म्हणून गप्प बसले. याची मला आजही खंत वाटते. कारण केंद्र सरकारचं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून चालू आहे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकं ऐकता येतील अशा रूपात तिथं ठेवलेली आहेत. 2012 ला कॉपीराइट कायदा बदलला आणि अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला लेखक-प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. याच कामासाठी झालेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा आपला देश जगात पहिला, 2014 साली. आणि त्याच देशातल्या माझ्या गावात गुरुजी ओसरीवर बसून होते. शेवटी त्यांच्या नातवाला बोलावलं, प्रमाणपत्राचे कागद जमवले, नोंदणी केली, फोनमधला वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. तो आवाज जोडाक्षराला अडखळतो, पण गुरुजी म्हणतात, "पहिलीच्या पोरासारखं वाचतंय, शिकेल हळूहळू." आता दर गुरुवारी नातवाचा हात धरून ते परत येतात.

शेतकरीही येतात. मागच्या खरिपात एकानं पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा फोटो एआयला दाखवला. त्यानं रोगाचं नाव सांगितलं, औषध सांगितलं, मात्राही सांगितली. दुकानातून डबी घेऊनच तो माझ्याकडे आला. डबीवरच्या लेबलाचं अक्षर इतकं बारीक, की फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचावं लागलं. एआयची मात्रा आणि लेबलावरची मात्रा जुळेना. मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची दैनंदिनी काढली, कृषी सहायकांना फोन लावून दिला आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. मी शेतीतली तज्ज्ञ नाही. कोणाला विचारायचं, एवढं मात्र मला ठाऊक असतं.

असं कोणी काही विचारायला आलं की ते मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवते. पोलीस भरतीचा अर्ज भरताना फोटोचा आकार बसेना. बँकेतून बोलतोय सांगून कोणी ओटीपी मागितला, देऊ का. (ओटीपी मी कोणाचाही ऐकत नाही, बघत नाही. फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करायला लावते, तो आकडा भिंतीवर ठळक लिहिलाय.) व्हॉट्सॲपवर अमक्या पुस्तकाची पीडीएफ आलीय, वाचू का. इथं मी स्पष्ट सांगते, की लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं पुस्तकावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो, चोरून फिरवलेली प्रत घेऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर रीतसर मोफत ठेवली आहेत, ती उतरवून देते. पण यातलं काहीच देवघेव नोंदवहीत चढत नाही, तिथं पुस्तक गेलं आणि पुस्तक आलं एवढेच रकाने. म्हणजे माझ्या दिवसातलं निम्मं काम कागदावर झालेलंच नसतं. वाचकाचा वेळ वाचवा, असं रंगनाथन यांनी 1931 मध्येच आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवलं. वाचलेला वेळ मोजायला रकाना अजून यायचाय.

आता पैशाचं बोलते, लाज न बाळगता. 2022 मध्ये मंत्रिमंडळानं ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर केली. त्यानं आमच्यासारख्या गावातल्या 'क' वर्ग वाचनालयाचं वर्षाचं अनुदान 96,000 वरून 1,53,600 रुपयांवर गेलं. त्यातलं निम्मं वेतनाचं. म्हणजे त्या वाढीनंतर ग्रंथपाल आणि शिपाई मिळून महिन्याला 6,400 रुपये झाले. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, दुरुस्ती आणि आता तंत्रज्ञान. एवढ्या पगारावर नवी शिकलेली मुलं टिकत नाहीत, आणि ती का टिकावीत? माझ्यानंतर ही खुर्ची कोण घेईल, हे मला माहीत नाही. राज्यात अकरा हजारांवर मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. त्यांना यंत्रं पुरवण्याची योजना जेव्हा निघेल, तेव्हा आधी तिथल्या माणसाचा पगार बघा, त्याला वर्षातून आठ दिवस नीट प्रशिक्षण द्या, आणि नेटचं बिल वेतनेतर खर्चात वेगळं धरा. पुस्तकांच्या पैशातून ते कापायला लावू नका. वाचनालयात नेट नसलं तर मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देते, पण महिनाअखेरीस तोही संपतो.

शेवटी एक विनंती आहे, आपल्या वाचकांना. आमच्या वाचनालयात जुन्या 'मराठवाडा'चे काही बांधीव गठ्ठे आहेत. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेलं आणि पुढे अनंत भालेरावांनी चालवलेलं ते वर्तमानपत्र. एका गठ्ठ्याला खालून वाळवी लागली, तेव्हा मी जागी झाले. गावातल्या वेल्डिंगवाल्या दादानं लोखंडी पट्ट्यांचं एक स्टँड करून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यात फोन आडवा बसतो आणि खाली पान सपाट राहतं. सकाळी साडेआठ ते दहा पूर्वेच्या खिडकीतून चांगला उजेड येतो, तेवढ्या वेळात दहावी-बारावीची दोन मुलं पान उलटतात आणि मी फोटो काढते. फोटोतलं अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर जुन्या खिळ्यांच्या छपाईत खूप चुका करतं, रेफ सोडून देतं, अनुस्वार गिळतं. त्या चुका मुलं हातानं सुधारतात. प्रत्येक फाइलला अंकाची तारीख, आणि एक प्रत वाचनालयात, दुसरी शाळेत.

परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, कुठल्याही गावात आपल्या घरात माळ्यावर अशी जुनी वर्तमानपत्रं, मुक्तिसंग्रामातली पत्रकं, आजोबांच्या डायऱ्या, मोडीतले किंवा उर्दूतले कागद असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात घेऊन जा आणि ग्रंथपालाला फोटो काढू द्या. कागद तुमचाच राहील, त्याच दिवशी परत न्या. सोबत चार कडुनिंबाच्या काड्या ठेवून नव्या फडक्यात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

आपली,
एक ग्रंथपाल,
जि. परभणी