टाक्याचं ऑपरेशन फसलं, आता जाब कुणाला विचारू?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन फसलं. त्याच्या भरपाईचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र परवा हातात पडलं. कारण एका ओळीचं: अर्ज 90 दिवसांच्या मुदतीत आला नाही.

ऑपरेशनआधी ज्या संमतीपत्रावर माझी सही घेतली, त्यात छापलं आहे की पाळी चुकली तर दोन आठवड्यांत कळवावं. मी कळवलं होतं. दवाखान्यात पोटाला हातही न लावता अशक्तपणा आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी झाली तेव्हा बाळ पोटात फिरायला लागलं होतं. पुढे अर्जासाठी ऑपरेशनचा दाखला मिळेना, कारण कपाटाची चावी ज्या बाबूकडे ते रजेवर. मग मुदत कुणी घालवली?

सासूबाईंनी विचारलं, ऑपरेशन झालेलं असताना दिवस गेलेच कसे? नवरा शेजारी बसून ऐकत होता, एक शब्द बोलला नाही. चूक दवाखान्याची आणि संशय माझ्यावर. याची भरपाई तुमच्या फॉर्मच्या कोणत्या रकान्यात लिहू?

आता कंबर धरते, अंगावरून जातं, खुरपायला बसलं की उठवत नाही. डॉक्टर म्हणतात, गर्भाची पिशवी काढून टाका. आमच्या बीड जिल्ह्यात हा सल्ला किती स्वस्त आहे ते तुमच्याच सरकारी दप्तरात आहे. 2019 मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांतल्या 13 हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 92 टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. हे 1989 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापून आलं. तेव्हापासून किती सरकारं आली नि गेली. माझी आतून तपासणी अजून कुणी केलेली नाही, साहेब. ऑपरेशन मात्र झालं, कारण त्याचं टार्गेट होतं.

पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट फाडावं लागत नाही. तरी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या 0.3 टक्के. आशाताई माझ्या दारात चार वेळा आल्या, नवऱ्याला एकदाही विचारलं नाही. त्यांना दोष देत नाही, वरून जे मोजतात तेच त्या आणून देतात. तुम्ही काय मोजता ते सांगा. टेबलावरून उतरलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे या राज्यात कोण लिहून ठेवतं?

माझा अर्ज पुन्हा उघडा. जिल्ह्यात किती ऑपरेशनं फसली आणि किती दावे मुदतीच्या नावाखाली फेटाळले, ते गावागावांत फलकावर लावा. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईची दरवर्षी तपासणी करा आणि तिची नोंद ठेवा. उत्तर लेखी द्या, सही-शिक्क्यासह.

आपली,
एक शेतमजूर बाई, बीड जिल्हा