बाबा, तुमची आखडलेली मान

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने आतून हाक मारली, तेव्हा बाबा मान न वळवता सगळ्या अंगानेच वळले. वळताना खुर्चीचा हात घट्ट धरला. तेव्हा मी बोलले नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय.

अशी आखडलेली मान मी इथे सॅन दिएगोला रोज बघते. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या सैनिकांपैकी कुणी स्फोटाच्या हादऱ्यात सापडलेला असतो, कुणी सरावात डोक्यावर आपटलेला. डोकं हललं की गरगरतं, म्हणून ते मान वळवणंच सोडून देतात. त्यांचा स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ असतो. मग त्यांना वाटतं, लोक म्हणतील हा नाटक करतोय, आणि ते गप्प बसतात. २०२०च्या जानेवारीत इराकमधल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली. आधी सांगण्यात आलं की कुणालाच इजा नाही. पुढे शंभरहून जास्त अमेरिकन सैनिकांच्या मेंदूला मार बसल्याचं निदान झालं. बाबा, जिन्यावरून घसरलात तेव्हा साधं टेंगूळही आलं नाही, असं तुम्ही मला तीनदा सांगितलंत.

आपला तोल डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव हे तिघं मिळून सांभाळतात. बिघाड कुठे आहे ते कळावं म्हणून आम्ही यांतला एकेक आधार काढून घेतो. मागे एकदा एक धिप्पाड जवान जाड फोमवर अनवाणी उभा होता. एका पावलापुढे दुसरं, हात कमरेवर, डोळे मिटलेले. फक्त २० सेकंद. पायाची बोटं फोममध्ये रुतत होती, घोटा थरथरत होता. हात कमरेवरून सुटला की एक चूक, डोळे उघडले की आणखी एक. पाठीवर ओझं घेऊन मैलोगणती चालणारा माणूस, त्याला एवढंही जमेना. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. मलाही आवरलं नाही.

त्याला मी एक कार्ड दिलंय, त्यावर एकच अक्षर. नजर अक्षरावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. सुरुवातीला चक्कर वाढते, पण थोडी वाढू द्यावी लागते. त्याशिवाय मेंदू नव्याने शिकत नाही. आधी बसून, मग उभ्याने, मग चालता चालता. आठवडे जातात, पण आता तो जिना कठडा न धरता उतरतो.

बाबांचं कारण वेगळं, साधंही असेल. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडतात. मार लागूनही सोडतात, वयानेही. तसं असेल तर डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर नेतात, आणि पुष्कळांना एक-दोन खेपांतच बरं वाटतं. पण हे तपासल्याशिवाय कळणार नाही. डोळे मिटून उभं राहण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका.

आई, या आठवड्यात तू त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. जिन्यावरून पडल्याचं तूच सांग, बाबा सांगणार नाहीत. गादीवर कूस बदलताना गरगरतं का, तेही सांग. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ने. डोक्याची तपासणी लागेल का, हेही त्यांना विचार. आणि तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालूच राहू दे.

तुमची,
ताई