मुंबई विमानतळाच्या सशुल्क ॲड-ऑनबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हवाई वाहतूक नियंत्रणाच्या गेममधील मुंबई विमानतळाच्या ॲड-ऑनची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

टॉवरमधील कामकाज प्रत्यक्ष नियमांनुसार चालते, या आपल्या जाहिरातीवर विसंबून मी वरील ॲड-ऑन विकत घेतले. टर्मिनल आणि टॅक्सीवे हुबेहूब उतरले आहेत, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती नियमांबद्दल, आणि असा गेम माणूस खेळतो तो त्यांच्यासाठीच.

मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या धावपट्ट्या (आकडे प्रत्येकीच्या दोन टोकांचे) एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही साधारणपणे एका वेळी एकच वापरात असते, आणि एवढी वाहतूक तिच्यावर बसवणे हेच तेथील नियंत्रकांचे कसब आहे. आपला गेम मात्र त्या समांतर असल्यासारखा वागतो : 27 वर उतरणारे आणि 14 वरून उडणारे विमान छेदबिंदूवर एकमेकांच्या आरपार जातात, तरी पडद्यावर 'सुरक्षित' अशी हिरवी नोंद उमटते आणि वर गुणही मिळतात!

बोइंग 777 सारख्या 'हेवी' विमानामागून एअरबस ए320 सारखे 'मीडियम' विमान उतरत असेल, तर पुढच्या विमानाच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या वजनावर आधारित रूढ वर्गवारीनुसार, दोघांत 5 सागरी मैलांचे अंतर ठेवावे लागते. मी ते ठेवले की 'अनावश्यक विलंब' म्हणून गुण कापले जातात. 3 मैलांवर आणले की शाबासकी मिळते.

हे मी आधी कळवले, तेव्हा आपल्याकडून ग्राफिक्स ड्रायव्हर (संगणकावर चित्र दाखवणारी प्रणाली) अद्ययावत करण्याचा सल्ला आला. धावपट्ट्या छेदतात हे माझ्या ड्रायव्हरला कळून काय उपयोग, ते समजले नाही. नंतर, परताव्यासाठी ठरलेली खेळण्याची मुदत उलटल्याचे कारण देऊन परतावा नाकारण्यात आला. वास्तविक दोन्ही धावपट्ट्या आणि मोठी विमाने पुढच्या टप्प्यांतच खुली होतात, त्यामुळे हे दोष त्या मुदतीत दिसणे शक्यच नव्हते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 अन्वये तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. त्या मुदतीत पूर्ण रक्कम परत करावी, अथवा दुरुस्त आवृत्तीची तारीख लेखी कळवावी. अन्यथा मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) तक्रार नोंदवावी लागेल. दोन्ही प्रसंगांचे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक