आधी पोलीस मोज

प्रिय विन्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून कुरकुरते. पण तुझ्या गेमचा आराखडा वाचला आणि गप्प बसवेना. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहितोय.

एका शहरात १०० खेळाडू, अर्धे गुन्हेगार, अर्धे पोलीस, आणि दरोडा पडला की समोर खरीखुरी माणसं. कल्पना झकासच आहे. पण एपीबी हा ऑनलाइन गेम आठवतो ना? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रिअलटाइम वर्ल्ड्‌सचा. लेमिंग्ज आणि पहिला जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) हे गेम ज्याच्या हातून घडले तो डेव्हिड जोन्स त्यामागे होता. सॅन पारो शहर, क्रिमिनल विरुद्ध एन्फोर्सर, खेळ हाच. जून २०१० च्या शेवटी बाजारात आला, १७ ऑगस्टला कंपनी दिवाळखोरीत प्रशासकांच्या ताब्यात गेली, १६ सप्टेंबरला सर्व्हर बंद. पुढे दुसऱ्यांनी विकत घेऊन २०११ मध्ये तो फुकट केला, ते वेगळं. कपडे, गोंदण, गाडीवरची नक्षी यांत त्याला तोड नव्हती, तरी तगला नाही. गेम विकत घेतला की सोबत खेळायचे ५० तास मिळायचे, पुढे तास विकत घ्यायचे. म्हणजे नवखा मुरलेल्या टोळीचा मार खातोय आणि वर मीटरही पळतोय! तुझ्यातली तासांची पॅकं आजच काढ.

माझी खरी काळजी मात्र माणसांची आहे. तू लिहिलंयस, ‘एका वेळी १,००० खेळाडू पुरेत.’ आपण हिशेब करू. त्यातले ४०० कपडे निवडतायत, गाडी रंगवतायत, गप्पा मारतायत. उरले ६००. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, सांभाळायला जगाचे तीन विभाग केलेस, म्हणजे प्रत्येकी २००. त्यात चोर व्हायला सगळ्यांना हवं असतं. धर १३० चोर, ७० पोलीस. कौशल्याचे चार गट पाडलेस की गटात सतरा-अठरा पोलीस. मॅच बारा मिनिटांची, त्यामुळे दहातले आठ आधीच कुठेतरी लढतायत. मोकळे किती? साडेतीन. तुला एका मॅचला हवेत चार. तो अर्धा पोलीस कुठून आणणार आहेस?

राजा-राणी-चोर-शिपाईत चिठ्ठी निघेल ते गपचूप व्हावं लागायचं. इथे ज्याची त्याची मर्जी, म्हणून पोलीस होण्यातच काहीतरी गोडी ठेव. नुसते पैसे वाढवून भागत नाही. जिवंत पकडल्याला जास्त गुण दे, गाडी थांबवायचा हक्क दे, जप्त मालातला वाटा दे.

शहर १०० चं नको, ४० चं कर. पहिलं ३२ वर गेलं की मगच दुसरं उघड, नाहीतर दोन्ही ओस पडतील. कौशल्याची पट्टी आधी अरुंद ठेव, दर १५ सेकंदांनी रुंदाव, आणि ६० सेकंदांत माणूस सापडला नाही तर संगणकाचे पोलीस पाठव. ते आहेत हे मात्र स्पष्ट दिसू दे. लपवलंस की लोक चिडतात. चौघं मित्र एकत्र आले तर त्यांना एक पायरी वरचं धर, कारण हेडफोनवर बोलणारे चार जण अनोळखी चौघांना सहज लोळवतात. मागून कुमक जरूर येऊ दे, पण शेवटच्या टप्प्यात नको. दहा मिनिटं राखलेली तिजोरी ताज्या दमाच्या माणसाने नेली की तो खेळाडू परत येत नाही.

आता आपलं जुनं भांडण, गाड्या. तू अजूनही म्हणतोस की टक्कर खेळाडूच्या मशीनने ठरवावी. अरे, ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. निरोप पोचायला १२० मिलिसेकंद उशीर झाला की गाडी २.४ मीटर पुढे. तुझ्या पडद्यावर बाजूला उडी मारून वाचलेला माणूस माझ्या पडद्यावर बंपरखाली! निकाल सर्व्हरनेच द्यावा. नेम धरून झाडलेली गोळी सर्व्हरने थोडा वेळ मागे जाऊन, झाडली त्या क्षणी कोण कुठे दिसत होतं ते बघून, तपासली तर चालतं, पण त्याला २०० मिलिसेकंदांची मर्यादा घाल. नाहीतर भिंतीआड पोचलेला माणूस मरतो आणि शिव्या तुला पडतात.

काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मंजूला नवी नोकरी मानवली का? घराचं ठरलं की कळव.

आणि खुल्या चाचणीत मॅचची संख्या मोजत बसू नका. पहाटे तीन वाजता, सगळ्यात कमी गर्दी असताना, नवख्या चोराला पोलीस मिळायला किती सेकंद लागले आणि पहिल्या तीन हारींनंतर किती जण खेळ बंद करून गेले, हे दोनच आकडे टिपा. ते आल्याशिवाय प्रदर्शनाची तारीख जाहीर करू नकोस, मग पैसे लावणारे कितीही मागे लागोत.

तुझा,
सुध्या